पाखंडाची तीन रूपे : ल्यूइसच्या ग्लोम राज्यातील दोन देवता

१

'पाखंड' हा शब्द आज मराठीत उच्चारला की ढोंग, दांभिकपणा आणि धर्मद्रोह हे तिन्ही अर्थ एकदमच मनात उभे राहतात. त्यामुळे ज्याला पाखंडी म्हटले त्याचा निकाल त्या शब्दातच लागून जातो. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे राहते. वस्तुतः या शब्दाचा इतिहास असा नाही. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' हा शब्द कोणत्याही धर्मपंथासाठी, मग तो स्वतःचा असो वा परक्याचा, सारख्याच आदराने योजलेला आहे. परक्या पासंडाचाही मान राखावा, कारण त्यातच स्वतःच्या पासंडाची वृद्धी आहे, असा त्या लेखाचा आशय आहे. कंदाहार येथे १९६३ मध्ये सापडलेल्या ग्रीक शिलालेखात या बाराव्या लेखाच्या शेवटच्या भागाचा अनुवाद आहे. तेथील अनुवादकाने 'पासंड' या शब्दासाठी 'दिआत्रिबे', म्हणजे तत्त्वज्ञांचा संप्रदाय, हा शब्द निवडला. इंग्रजीतील 'हेरेसी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला तो 'हाइरेसिस' हाही मुळात 'निवड', आणि तीवरून 'विचारसंप्रदाय', एवढाच अर्थ सांगणारा होता. भारतात आणि ग्रीसमध्ये, दोन्हीकडे, एका निर्विकार शब्दाची पुढे शिवी झाली.

या शब्दाला त्याचे पूर्वीचे ऐकून घेण्याचे औदार्य परत मिळवून द्यावयाचे झाल्यास काय होईल, याचा एक विलक्षण प्रयोग सी. एस. ल्यूइस या लेखकाच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'टिल वुई हॅव फेसेस' या कादंबरीत आढळतो. ल्यूइसचे नाव सामान्य वाचकास मुलांसाठी लिहिलेल्या नार्निया-कथांमुळे, आणि विद्वानांस मध्ययुगीन साहित्याच्या अभ्यासामुळे परिचित आहे. ही त्याची शेवटची कादंबरी. स्वतः ल्यूइस हिला आपल्या कथाग्रंथांत श्रेष्ठ समजत असे. वाचकांनी मात्र प्रारंभी तिचे थंडे स्वागत केले. ग्रीक जगाच्या सीमेवर, ख्रिस्तपूर्व काळात, ग्लोम नावाचे एक लहानसे, काहीसे रानवट राज्य ल्यूइसने कल्पिले आहे. त्या राज्याला देवी आहे, देवीला पुरोहित आहे, पुरोहिताला राजाहूनही अधिक दरारा आहे. आणि एके दिवशी त्या देवीला एक प्रतिस्पर्धी निर्माण होते. या संघर्षात पाखंडाची तीन निरनिराळी रूपे प्रकट होतात. त्यांतील जे रूप सर्वांत उद्धट, तेच देवतेच्या सर्वांत जवळ जाऊन पोहोचते, हे या कादंबरीचे मर्म होय.

२

कथेचे मूळ अपुलेयस या लॅटिन लेखकाकडे आहे. उत्तर आफ्रिकेतील मदौरा येथे जन्मलेल्या या लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात 'मेटॅमॉर्फोसेस' नावाची, 'सोन्याचे गाढव' या दुसऱ्या नावानेही ओळखली जाणारी, दीर्घ गद्यकथा लिहिली. तिच्या चौथ्या भागाच्या अखेरीपासून सहाव्या भागापर्यंत क्यूपिड आणि सायकी यांची उपकथा येते. सायकी ही एका राजाची सर्वांत धाकटी मुलगी. इतकी सुंदर, की लोक तिलाच व्हीनस समजून पुजू लागतात. पाफोस, नायडस, सिथेरा येथील व्हीनसची देवळे ओस पडतात, वेदीवरची राख थंडावते, आणि मानवी मुलीच्या पायांवर फुले पडू लागतात. संतापलेली देवी आपल्या मुलाला, क्यूपिडला, तिच्यावर सूड घेण्यास पाठविते. आणि तो तिच्याच प्रेमात पडतो. अदृश्य पती, त्याचे मुख पाहावयाचे नाही ही अट, मत्सरी बहिणींचा सल्ला, दिव्याचा उजेड, विरह, व्हीनसने लादलेली कठीण कामे आणि शेवटी सायकीला मिळालेले देवत्व हा पुढील भाग सर्वपरिचित आहे.

दोन देवतांमधील स्पर्धा हे या कथेचे बीज आहे; पण अपुलेयसच्या हातात ते खेळकरपणे फुलते. त्याची व्हीनस एखाद्या मानी सासूसारखी आदळआपट करते, आणि शेवटी लग्नाच्या मेजवानीत नाचतेही. तथापि या कथेच्या बाहेर, त्याच ग्रंथाच्या अकराव्या आणि अखेरच्या भागात, अपुलेयसने एक गंभीर दृश्य योजिले आहे. गाढव झालेल्या नायकासमोर समुद्रातून आयसिस देवी प्रकट होते आणि सांगते की कोणी तिला मिनर्व्हा म्हणतात, कोणी व्हीनस, कोणी डायाना, कोणी सिरीज. नावे अनेक, देवता एक. म्हणजे उपकथेत ज्या देवता एकमेकींशी भांडतात, त्यांचे भांडण ग्रंथाच्या शेवटी एका देवतेच्या अनेक नावांत विरून जाते. ल्यूइसने उपकथा घेतली. अकरावा भाग त्याने घेतला नाही. परंतु त्या भागात जे साधले आहे ते त्याने निराळ्या, अधिक खडतर वाटेने साधावयाचे ठरविले.

त्यासाठी त्याने मूळ कथेत एकच मोठा बदल केला. अपुलेयसच्या बहिणींना सायकीचा दिव्य महाल डोळ्यांनी दिसतो आणि म्हणून त्यांना मत्सर वाटतो. ल्यूइसच्या कथेत तो महाल मर्त्य डोळ्यांना दिसतच नाही. सायकी म्हणते की ती महालाच्या दारात उभी आहे. तिच्या बहिणीला मात्र रान, दगड आणि पाऊस यांखेरीज काहीही दिसत नाही. या एका बदलाने मत्सराची गोष्ट श्रद्धेच्या आणि पुराव्याच्या प्रश्नाची गोष्ट बनते. ज्याला दिसत नाही त्याने न मानणे, हा अपराध ठरावा काय?

३

ग्लोमची देवी उंगित. तिला मूर्ती नाही, मुख नाही. जमिनीतून आपणहून वर आलेली अशी जिच्याविषयी समजूत आहे ती एक काळी, ओबडधोबड शिळा, एवढेच तिचे रूप. तिच्या गाभाऱ्यात अंधार, तिच्यावर बळीच्या रक्ताचे थर. इंग्रज वाचकास या देवीची कल्पना करावयास प्रयास पडत असतील. मराठी वाचकास ते पडू नयेत. गावाच्या वेशीवर, डोंगराच्या खोबणीत, शेंदराने माखलेला देवीचा जो अनघड पाषाण असतो त्याला मराठीत 'तांदळा' हा नेमका शब्द आहे. कादंबरीचा अनुवाद करणाऱ्याने उंगितसाठी 'मूर्ती' हा शब्द वापरला तर अर्धा आशय हातचा जाईल; 'तांदळा' म्हटले की भय, ओढ, शेंदराची पुटे आणि पिढ्यांचे नवस हे सारे शब्दाबरोबरच येते.

राजा ट्रोम याला तीन मुली. थोरली ओरुआल कुरूप. मधली रेडिव्हल चंचल. धाकटी, सावत्र आईची, इस्त्रा. तिच्या नावाचे ग्रीक रूप सायकी. राज्यात साथ येते. सायकी आपल्या आजारी गुरूची शुश्रूषा करते आणि तो वाचतो. तेव्हा तिच्या स्पर्शाने रोग बरा होतो अशी वदंता पसरते. लोक राजवाड्याच्या दारी गर्दी करतात. ती बाहेर येऊन एकेकास स्पर्श करते. तिला देवी म्हणून हाका मारल्या जातात. हे पाखंडाचे पहिले रूप. ते लोकांचे आहे, आणि त्यात विचाराचा अंशही नाही. उंगित खोटी आहे असे त्यांपैकी कोणी म्हणत नाही. फक्त जी देवी अंधारात रक्त पिते तिच्याऐवजी जिला चेहरा आहे, हात आहे, जी आपल्या मुलाच्या कपाळाला हात लावील, तिच्याकडे त्यांचे पाय वळतात. ग्लोममध्ये धर्मद्रोह मताने होत नाही. नैवेद्य कोणापुढे ठेवला यावरून होतो. मत बदलले तर देवळाच्या लक्षातही येत नाही. कबुतरे आणि बोकड येईनासे झाले की ते तत्काळ येते.

हे लोकांचे पाखंड जितक्या सहज उगवते तितक्याच सहज कोमेजते. साथ ओसरत नाही, पाऊस पडत नाही, शेनित नदी आटते. आणि ज्यांनी सायकीला देवी म्हटले तेच तिला शापित म्हणू लागतात. उंगितचा वृद्ध पुरोहित राजापुढे येऊन महाबळीची मागणी करतो. करड्या डोंगरावरील दैवताला, उंगितच्या मुलाला, शापित व्यक्ती अर्पण करावयाची आहे. आपल्यावरच संकट आले असे समजून राजा पुरोहिताच्या छातीवर खंजीर रोखतो. पुरोहित जागचा हलत नाही. बळी राजकन्येचा आहे हे कळल्यावर राजाचा जीव खाली पडतो. या प्रसंगात ल्यूइसने दाखविलेला समतोल दुर्मिळ आहे. त्याचा पुरोहित क्रूर आहे, पण लबाड नाही. उंगितवर त्याचा विश्वास आहे, आणि तो विश्वास खंजिरापुढेही टिकतो. धर्मसत्तेचा प्रतिनिधी ढोंगी दाखविणे सोपे असते. तो सच्चा असून घोर कृत्य करतो हे दाखविल्याने प्रश्न कठीण होतो.

४

पाखंडाचे दुसरे रूप म्हणजे राजकन्यांचा गुरू. हा युद्धात पकडलेला ग्रीक गुलाम; राजाने त्याला 'फॉक्स', म्हणजे कोल्हा, असे नाव ठेवले आहे. त्याची विचारसरणी स्टोइक पंथाची आहे: सृष्टी एक आहे, ती विवेकाने चालते, देवांना मत्सर नसतो, कवींनी रचलेल्या कथा खोट्या आहेत. पुरोहिताच्या मागणीवर तो दरबारात आक्षेप घेतो. बळी सर्वांत निर्दोष असावा असेही म्हणता, आणि तोच सर्वांत शापित आहे असेही म्हणता. तो देवाचा भक्ष्य आणि देवाची वधू एकाच वेळी कसा असेल? तर्काच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड आहे. पुरोहिताचे उत्तर असे की ग्रीकांचे ज्ञान पाण्यासारखे स्वच्छ आणि पातळ आहे. पवित्र गोष्टी गडद असतात, रक्तासारख्या. आणि अशा ज्ञानाने पीक येत नाही.

वाचकाची सहानुभूती अर्थातच फॉक्सकडे जाते, आणि ती जावी अशीच ल्यूइसची योजना आहे. फॉक्स प्रेमळ आहे, धीराचा आहे, त्याने ओरुआलला वाढविले आहे. परंतु त्याच्या पाखंडाची मर्यादा ही की, त्याच्यापाशी उंगितला देण्यासारखे उत्तर आहे, उंगितची भूक समजून घेण्याचे साधन नाही. बळी जाण्याच्या आदल्या रात्री सायकी जे म्हणते त्याचा भाव असा की, गुरूचे म्हणणे खोटे नाही, पण पुरतेही नाही. पुरोहिताच्या बोलण्यातही काही तरी आहे. कादंबरीतील हे एकच पात्र दोन्ही बाजूंना एकदम ऐकू शकते, आणि दोन्ही बाजू मिळून तिचाच बळी देतात: एक हात उगारून, दुसरी हात बांधलेली असल्यामुळे.

फॉक्सच्या विचाराचा पुढचा प्रवास उद्बोधक आहे. वृद्ध पुरोहिताच्या पश्चात आर्नोम नावाचा तरुण पुरोहित येतो. तो फॉक्सच्या सहवासात शिकलेला आहे. देवळाच्या भिंतींत नव्या खिडक्या होतात, उजेड येतो, आणि जुन्या तांदळ्याजवळ ग्रीक धर्तीची एक घडीव, सुबक स्त्रीमूर्ती उभी राहते. आर्नोमचे धर्मशास्त्रही तसेच सुबक आहे. उंगित म्हणजे काय, असे विचारता तो सांगतो की उंगित म्हणजे सर्व जिवांची माता पृथ्वी. तिचा मुलगा म्हणजे आकाश, मेघ, पाऊस. त्यावर राणी झालेली ओरुआल विचारते की एवढेच सांगावयाचे होते तर ते इतक्या विचित्र कथेत गुंडाळले कशासाठी? पृथ्वीवर पाऊस पडतो हे तर सर्वांनाच ठाऊक आहे.

हा प्रश्न भारतीय वाचकास विशेष जवळचा वाटावा. एकोणिसाव्या शतकात मॅक्स म्युल्लर आदी पंडितांनी वैदिक देवतांचा अर्थ उषा, सूर्य, मेघ यांत शोधला, आणि पुढे आपल्याकडील अनेक सुधारकांनी लोकदैवतांना तोच न्याय लावला. त्यात देवतेचा अनादर नव्हता. तिला शहाण्या माणसांत बसविण्याची खटपट होती. तथापि अशा अन्वयार्थात देवता वाचते की तिचे फक्त स्पष्टीकरण वाचते, हा प्रश्न उरतोच. ल्यूइसने त्याचे उत्तर एका लहानशा प्रसंगात दिले आहे. एक दुःखी शेतकरीण देवळात येते, नव्या मूर्तीकडे पाहतही नाही, जुन्या तांदळ्यापाशी रडते आणि शांत होऊन जाते. नव्या मूर्तीपाशी का गेली नाहीस, असे विचारल्यावर तिचे सांगणे एवढेच की ती मूर्ती बड्या लोकांसाठी आहे. तिला आपली भाषा कळावयाची नाही.

५

पाखंडाचे तिसरे रूप ओरुआल. ही सारी कादंबरी म्हणजे तिने देवांविरुद्ध लिहिलेली फिर्याद आहे. सायकीवर तिचे जिवापाड प्रेम. बळी दिलेल्या बहिणीची हाडे गोळा करावयास ती डोंगरावर जाते, तो सायकी जिवंत, आनंदी, आणि आपण देवाची पत्नी असून महालात राहतो असे सांगणारी. ओरुआलला महाल दिसत नाही. एकदाच, नदीवर ओणवून पाणी पिताना, धुक्यात क्षणभर काही तरी भव्य दिसल्यासारखे होते आणि नाहीसे होते. ती आपल्याच दंडात खंजीर खुपसून बहिणीला धाक घालते, आणि दिव्याच्या उजेडात पतीचे मुख पाहण्यास भाग पाडते. सायकी प्रेमापोटी वचन मोडते आणि सर्वनाश होतो. ओरुआल परत येते, तोंडावर बुरखा घेते, पुढे राणी होते, उत्तम राज्य करते, आणि तो बुरखा वर्षानुवर्षे काढीत नाही.

वृद्धपणी, प्रवासात, शेजारच्या एसूर देशात तिला रानातले एक लहान देऊळ आढळते. आत लाकडाची मूर्ती, तिच्या मुखावर काळे वस्त्र. ही नवी देवी इस्त्रा. पुजारी तिची पवित्र कथा सांगतो, आणि ती कथा ओरुआलचीच असते. मात्र तीत बहिणींना महाल स्पष्ट दिसलेला असतो आणि त्यांनी केवळ मत्सराने अनर्थ केलेला असतो. म्हणजे जे लोकांचे पाखंड ग्लोममध्ये चिरडले गेले ते एसूरमध्ये धर्म झाले, आणि धर्म होताच त्याने आपली प्रमाणकथा तयार केली. तीत साक्षीदाराचा जबाब बदललेला आहे. देवांनी आपल्याला काहीही दिसू दिले नाही आणि वर आपल्यालाच मत्सरी ठरविले, या संतापाने ओरुआल लेखणी उचलते.

येथे ओरुआल आणि फॉक्स यांच्या पाखंडातील भेद स्पष्ट होतो. फॉक्स म्हणतो, असे देव नाहीत. ओरुआल म्हणते, देव आहेत, आणि ते अन्यायी आहेत. पहिल्या भूमिकेत शांती आहे, दुसरीत नाही. परंतु फिर्याद करावयाची तर प्रतिवादी हजर आहे असे धरावे लागते. ज्याच्यावर आरोप ठेवावयाचा त्याच्याकडे तोंड करून उभे राहावे लागते. मराठी संतकवितेचा ज्याला परिचय आहे त्याला यात नवल वाटणार नाही. नामदेवांनी विठ्ठलाशी मांडलेले भांडण आणि जनाबाईने त्याला दिलेल्या शिव्या या निंदेच्या नव्हेत, सलगीच्या खुणा म्हणूनच परंपरेने जपल्या. मात्र दोहोंत एक मोठे अंतर आहे. जनाबाईला विठ्ठल आपल्याशेजारी दळावयास बसलेला दिसतो. तिचे रागावणे मिळालेल्या देवावरचे आहे. ओरुआलचे रागावणे न दिसलेल्या देवावरचे आहे.

कादंबरीच्या आटोपशीर दुसऱ्या भागात ही फिर्याद सुनावणीस येते. तत्पूर्वी एका स्वप्नदृश्यात मृत पिता ओरुआलला आरशापुढे नेतो, आणि आरशात तिला उंगितचे मुख दिसते. ज्या रक्तपिपासू देवीचा तिने जन्मभर द्वेष केला ती तीच आहे: गुरूला, विश्वासू सेनापती बार्दियाला, आणि सर्वाधिक सायकीला, तिच्या प्रेमाने गिळले आहे. पुढे मृतांच्या सभेत तिचा बुरखा काढला जातो आणि तिला फिर्याद वाचावयास सांगतात. तिने लिहिलेला भव्य ग्रंथ हातात एक मळकी गुंडाळी होऊन येतो. ती वाचते, तेच तेच पुन्हा वाचते, आणि तिला स्वतःचा खरा आवाज प्रथमच ऐकू येतो: देव क्रूर आहेत ही तिची तक्रार नव्हतीच, सायकी माझी होती, ती तुम्ही घेतली, ही तक्रार होती. दुसरे उत्तर द्यावे लागत नाही. तेथेच फॉक्सही कबूल करतो की त्याने स्वच्छ पाणी पाजले, पण अन्न दिले नाही. शेवटी सायकी मृत्युलोकातून आणलेली सौंदर्याची पेटी घेऊन येते. ती उंगितसाठी, म्हणजेच ओरुआलसाठी असते. आणि पाण्यातील प्रतिबिंबात दोन सायकी दिसतात. दोन देवतांची स्पर्धा एकीच्या जयाने संपत नाही. कुरूप देवी सुंदर होते, आणि तिला सौंदर्य आणून देणारी तिची प्रतिस्पर्धीच असते.

६

भारतीय वाचकापुढे प्रतिस्पर्धी देवतांची एक प्रबळ चौकट आधीच असते, आणि ती येथे दिशाभूल करण्याचा संभव आहे. बंगाली मंगलकाव्यांतील, पंधराव्या शतकाच्या अखेरीस विजय गुप्त, विप्रदास पिपिलाई आदी कवींनी रचलेल्या, मनसेच्या कथेत नागदेवी मनसा आणि चंडी यांचे वैर आहे. शिवभक्त चांद सौदागर मनसेला पुजावयास नकार देतो. त्याचे पुत्र मरतात, जहाजे बुडतात. अखेर सुनेच्या, बेहुलेच्या, आग्रहाखातर तो तोंड फिरवून डाव्या हाताने एक फूल देतो, आणि मनसा तेवढ्यावर प्रसन्न होते. चांदही पाखंडी, आणि त्याचा ताठा ओरुआलइतकाच देखणा. परंतु मनसेला पूजा हवी असते. ती कोणत्या मनाने आली याची चौकशी ती करीत नाही. ग्लोमच्या देवतेला डाव्या हाताचे फूल चालत नाही. तिला समोरासमोर वळलेले मुख हवे, आणि ते मुख माणसाजवळ आधी असावयास हवे. ज्याला स्वतःचा चेहरा नाही, ज्याच्या शब्दांमागे त्याचा खरा अर्थ नाही, त्याला देवांनी काय म्हणून भेटावे, हा कादंबरीच्या नावाचा अभिप्राय आहे.

हे नाव मराठीत आणताना अनुवादकाला एक अनपेक्षित लाभ होतो. देवीच्या तांदळ्यावर पूजेच्या वेळी धातूचे जे मुख चढवितात त्याला मराठीत 'मुखवटा' म्हणतात. आणि खरे तोंड लपविणाऱ्या सोंगालाही 'मुखवटा'च म्हणतात. ओरुआलचा बुरखा, एसूरच्या मूर्तीवरील काळे वस्त्र आणि उंगितची मुखहीन शिळा यांना जोडणारा धागा या एका शब्दात आहे. भाद्रपदात घरोघरी येणाऱ्या गौरींचे मुखवटे यासंदर्भात आठवावेत. त्या दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पुराणांत ज्येष्ठा ही लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी म्हणून वर्णिली आहे. तरीही मराठी घरात दोघींना शेजारीशेजारी बसवून एकच नैवेद्य दाखवितात. ल्यूइसला ही प्रथा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच्या शेवटाचा भाव ज्या वाचकाला युक्तिवादाने पटणार नाही त्याला तो या प्रथेवरून उमगू शकेल.

७

या कादंबरीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो दडपून ठेवणे योग्य होणार नाही. ल्यूइस हा ख्रिस्ती धर्माचा प्रसिद्ध पुरस्कर्ता होता. मृतांच्या सभेत फॉक्सने दिलेली कबुली कथेच्या तर्कातून आपोआप येते, की लेखकाच्या श्रद्धेने वदविली जाते? त्याचप्रमाणे, फिर्यादीचा हेतू अशुद्ध होता एवढ्याने फिर्याद खोटी ठरते काय? ओरुआलचे प्रेम गिळणारे होते हे खरे. पण तिला महाल दिसला नव्हता हेही खरेच, आणि एका निर्दोष मुलीला झाडाशी बांधले गेले हेही खरे. या दोन गोष्टींचे उत्तर दुसऱ्या भागात मिळत नाही. प्रश्न विचारणारीच बदलते, म्हणून प्रश्न मिटतो. ज्या वाचकाचे ओरुआलसारखे परिवर्तन झालेले नाही त्याच्यापुरता तो उभाच राहतो.

तथापि या आक्षेपाची सामग्रीही ल्यूइसनेच पुरविली आहे, हे विसरता कामा नये. त्याने कादंबरीचा फार मोठा भाग फिर्यादीला दिला, आणि तीत लेखक म्हणून कोठेही लुडबूड केली नाही. श्रद्धावान लेखकाने अश्रद्धेची बाजू इतक्या ताकदीने मांडावी की शेवटचे उत्तर काहींना अपुरे वाटावे, हा त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होय. एसूरच्या पुजाऱ्याने साक्षीदाराचा जबाब बदलून कथा सोपी केली. ल्यूइसने जबाब जसाच्या तसा ठेवला, आणि त्यामुळे आपले काम कठीण करून घेतले. धर्माविषयी लिहिणाऱ्या ललित लेखकापुढे हे दोन मार्ग नेहमीच असतात.

ग्लोमच्या लोकांचे पाखंड गरजेपोटी आले आणि भीतीने गेले. फॉक्सचे पाखंड विवेकातून आले आणि आर्नोमच्या हातून एका सुबक मूर्तीत जाऊन स्थिरावले. ओरुआलचे पाखंड प्रेमाच्या आणि मालकीच्या गुंत्यातून आले, आणि ते तेवढे देवतेच्या समोर जाऊन उभे राहिले, कारण त्याला उत्तर हवे होते. परक्या पासंडाचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे अशोकाने खडकावर कोरून ठेवले ते राज्याच्या शांततेसाठी. ऐकून घेण्याला आणखीही एक कारण आहे, असे ही कादंबरी सुचविते: ज्याला आपण पाखंडी म्हणतो त्याची तक्रार अखेरपर्यंत, त्याच्याच तोंडून वाचली जाऊ दिली, तर त्या तक्रारीत दडलेली प्रार्थना ऐकू येण्याचा संभव असतो, आणि ती मधेच तोडली, तर ती प्रार्थना होती हे फिर्यादीला स्वतःलाही कधी कळत नाही.